पणजोबांचं चरित्र लिहायचंय? आधी घरातली भांडी उतरवा

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत एक ठरलेला फोटो असतो. अंगात शेरवानी, डोक्यावर दस्तार (दरबारी पगडी) नाहीतर रुमी टोपी, हातात चांदीच्या मुठीची काठी. कोण म्हणून विचारलं की उत्तर येतं, "आमचे पणजोबा. निजामाच्या राज्यात लई वजन होतं त्यांचं. पुढं मुक्तिसंग्रामात पण होते." वजन कशामुळं होतं, संग्रामात म्हणजे नेमकं कुठं, आणि दरबारी शेरवानीतून ते तिकडं पोचले कसे, असं पुढं विचारलं की घरातले एकमेकांकडं बघायला लागतात.

माझी सगळी नोकरी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली, त्यामुळं असे पणजोबा शोधणारे नातू-नाती माझ्याकडं येतात. बहुतेकांना स्मरणिका काढायची असते. त्यांना जे तोंडी सांगते ते इथं लिहून ठेवते. माझे पणजोबाही त्याच पठडीतले. मोमिनाबादला वकील, बलदियाचे (नगरपालिकेचे) सरकारनियुक्त मेंबर, घरात सगळे त्यांना अण्णासाहेब म्हणत. उदाहरणं म्हणून त्यांचीच देते, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरचं बाहेर काढल्यासारखं होणार नाही.

गौरवानं सुरुवात करू नका, ही माझी पहिली अट. "थोर समाजसेवक" असं पहिल्या ओळीत लिहिलं की पुढचा प्रत्येक कागद त्या दोन शब्दांना शोभेल असाच वाचला जातो. आधी माणूस काय खात होता, कुणाला देणं होता, घरात किती तोंडं होती ते काढा. राजकारण त्यातनं आपोआप दिसायला लागतं.

गावाचं नाव आणि साल

बाहेर पडण्याआधी या दोन गोष्टी पक्क्या करा, नाहीतर कारकून "असं काही नाही" म्हणून परत पाठवेल आणि ते त्याच्या परीनं खरंच असेल. अंबाजोगाई निजामाच्या दप्तरात मोमिनाबाद आहे. बीड बऱ्याच ठिकाणी "भीर" लिहिलेलं सापडतं. धाराशिवचं उस्मानाबाद. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत आणि हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. तेव्हा आजच्या जिल्ह्याच्या कचेरीत जुनं बस्तान (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) नसेल तर जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत विचारा. शिवाय गाव सरकारी दिवाणीतलं होतं, सर्फेखासातलं (निजामाच्या खाजगीतलं), पायगेतलं (बड्या अमीर घराण्याकडचं) की कुणा जहागीरदाराचं, हे म्हाताऱ्या माणसांकडून समजून घ्या. जहागिरी १९४९ साली गेल्या, पण त्याआधीचा त्यांचा कारभार त्यांच्याच माणसांकडं असायचा आणि कागदही तिकडंच.

साल फसली, म्हणजे महसुली वर्षाचं असतं. हिशोब सोपा आहे. हैदराबादचं फसली वर्ष आजूर महिन्यानं, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. आजूर, दै आणि बहमन या पहिल्या तीन महिन्यांतल्या तारखेला ५९० मिळवा, त्यापुढच्या इस्फंदारपासून आबानपर्यंत ५९१. कागदावर खुर्दाद १३४७ असेल तर तो १९३८ चा एप्रिल. लोक सरसकट ५९० मिळवतात आणि मग माणूस जन्मायच्या आधीच त्याच्या मुंजीचा खर्च वहीत निघतो. भांड्यांवर आणि पत्रिकांवर शके असतं, त्यात ७८. सनदेवर हिजरी असेल तर तोंडी हिशोब करू नका, कोष्टक बघा, कारण ते वर्ष चंद्राचं आहे.

रकमेचंही तसंच. "हाली" म्हणजे निजामाचा रुपया, "कलदार" म्हणजे इंग्रजी. सात हाली दिले की साधारण सहा कलदार मिळायचे. पणजोबांनी इंग्रजी मुलुखातल्या बार्शीच्या अडत्याला दिलेले पैसे आणि मोमिनाबादेत भरलेला दस्त (सारा) एकाच बेरजेत घालू नका.

घरातला शोध

ट्रंका नंतर उघडा. आधी माळ्यावरची, देवघराखालची, कोठीतली तांब्या-पितळेची भांडी खाली काढा. आपल्याकडं लग्नात आणि बारशाला दिलेल्या भांड्यावर नाव घालायची पद्धत होती, आणि बायकांची नावं सरकारी कागदापेक्षा इथं जास्त सापडतात. घंगाळ, परात, हंडा, कळशी, पूजेचं ताम्हन, फिरकीचा तांब्या, सगळ्याच्या काठाखाली आणि बुडाशी बोट फिरवा. ठोकून काढलेली अक्षरं डोळ्याआधी बोटाला लागतात. चिंच-राखेनं घासायला घेऊ नका, उरलंसुरलं जाईल. कोरड्या फडक्यानं पुसा, तांदळाची पिठी चोळा, वरवर झटका. पिठी ठोक्यांत बसते आणि नाव पांढरं उठून दिसतं. मग खिडकीच्या तिरप्या उजेडात फोटो काढा.

आमच्या घरी एका परातीवर शके १८३४ आणि एका घंगाळावर शके १८४१ निघालं. दोन्हीवर "सौ.", दोन्हीवर अण्णासाहेबांचं नाव, पण बायकोचं नाव वेगळं, आणि देणाऱ्या मामाचं, म्हणजे त्या बायकोच्या भावाचं, गावही वेगळं. म्हणजे आमची पणजी ही दुसरेपणाची. घरात चार पिढ्या कुणी हे बोललं नव्हतं. परात रोज कणीक मळायला वापरात होती आणि उलटी करून कुणी बघितली नव्हती.

असं काही निघालं की दुसरा पुरावा गाठायचा. त्यासाठी तीर्थोपाध्यायांच्या वह्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, काशी, गया, ज्या क्षेत्री तुमच्या घरचे जात तिथं आडनाव आणि मूळ गाव सांगा. तुमच्या पूर्वजानं स्वतःच्या हातानं बाप, आजा, भाऊ, मुलगे लिहून खाली सही केलेली असते, पुष्कळदा बायकोचं आणि आईचंही नाव. कुणाच्या अस्थी घेऊन आला तेही असतं. आम्हाला पहिल्या पणजीचं नाव त्र्यंबकच्या वहीत मिळालं, परातीवरचंच. दक्षिणा मनापासून द्या. त्या घराण्यांनी हे कागद पिढ्यान्‌पिढ्या वाळवीपासून सांभाळलेत, सरकारला ते जमलं नाही.

त्यानंतर ट्रंका. जमाखर्चाच्या वह्या मोडीत असतील, कोर्टाचे कागद उर्दूत. वही कुठूनही वाचायला घेतली तरी चालेल, पण श्रावण आणि लग्नसराईचे महिने सोडू नका. घर किती मोठं होतं, कोण रुसून माहेरी गेलं, कोणत्या तहसीलदाराच्या मुलाच्या बिस्मिल्लाला (शिक्षण सुरू करायच्या विधीला) कापड गेलं, हे त्या महिन्यांत दिसतं. आमच्या वहीत दिवाळीच्या ओळीखाली अमीनसाहेब, पेशकार आणि गिरदावर यांच्याकडं गेलेल्या फराळाची ओळ दरसाल आहे, आणि ती फराळाच्या मानानं जरा महागच पडलेली आहे.

रेकॉर्ड रूममध्ये

२०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा मराठवाड्यातली उर्दू-मोडी बस्तानं पुष्कळ वर्षांनी उघडली गेली. त्यामुळं खासरा पत्रक, मुंतखब हे शब्द आता चहाच्या टपरीवरसुद्धा ऐकू येतात. तुमची गरज जातीच्या दाखल्यापेक्षा वेगळी आहे, पण कागद तेच.

तहसीलमध्ये खासरा पत्रक, पाहणीपत्रक, कुळ नोंदवही आणि १९५१ चं नागरिक नोंदणी रजिस्टर मागा. भूमी अभिलेखात पक्का बुक आणि शेतवार पत्रक. दुय्यम निबंधकाकडं खरेदीखत, वाटणीपत्र, दत्तकपत्र, मृत्युपत्र. इनाम किंवा वतन असेल तर मुंतखब, म्हणजे चौकशी होऊन हक्क कायम केल्याचा उतारा. त्यात वारसांची नावं ओळीनं असतात. जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका. मुलीचं नाव, जन्मतारीख, पालकाचा धंदा, शाळा सोडल्याचं कारण, असं एका ओळीत. कारणाच्या रकान्यात "लग्न" लिहिलेलं असतं आणि जन्मतारखेवरून वय काढलं की पुढं वाचवत नाही.

अर्ज करताना "माझ्या पणजोबांविषयी सर्व माहिती" असं लिहू नका. आम्ही असे अर्ज बाजूला सारायचो, खरं ते सांगते. मौजा, सर्वे नंबर, फसली साल आणि कागदाचं नाव लिहा. नकल मिळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज द्या, पानाला दोन रुपये पडतील. आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी जाऊ नका. बस्तान उतरवायला शिपाई लागतो, त्याला सकाळी साहेबांची कामं असतात. काही सातबारे आणि फेरफार "आपले अभिलेख" या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात, जिल्ह्यागणिक कमी-जास्त.

कागद हाती आला की शब्द बघून माणसं ओळखा. "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "जौजे" म्हणजे अमक्याची बायको, "बेवा" विधवा, "साकिन" राहणार, "मुतवफ्फी" मयत. निजामी कागदात आडनाव बहुधा नसतंच, तेव्हा आडनावानं शोधलं तर हात रिकामे. बाप-लेकाची जोडी शोधा. आमच्याकडं एका पाहणीपत्रकात "बेवा" म्हणून एक नाव निघालं ते अण्णासाहेबांच्या मुलीचं. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, माहेरी परत आली. वाटणीपत्रात तिच्यासाठी दरसाल दोन पल्ले ज्वारी, साडीचोळी आणि माडीवरची खोली लिहिली आहे, "हयातीपर्यंत". तिला घरात सगळे आत्या म्हणत, माझ्या आईला ती आठवते. चरित्रात तिला स्वतंत्र प्रकरण दिलं, कारण अण्णासाहेब जेलच्या भीतीनं बार्शीला गेले तेव्हा वाड्याच्या किल्ल्या तिच्याकडं होत्या.

उर्दू वाचणारा माणूस

हे सगळ्यात अवघड. छापील उर्दू वाचणारे पुष्कळ भेटतील, पण कचेरीतली उर्दू शिकस्ता (घाईच्या, जोडून लिहिलेल्या) वळणाची, नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके गाळलेली, आणि रकमा आकड्यांत नसून सियाकच्या, म्हणजे जुन्या हिशोबी लिपीच्या, खुणांत. त्याला जुन्या पिढीतला माणूस लागतो. निवृत्त उर्दू शिक्षक, जुन्या वकिलांकडचे मुन्शी, कोर्टात भाषांतरं केलेले लोक शोधा. ज्यांच्या बापजाद्यांशी तुमच्या पणजोबांचं कोर्टात रोज बोलणं होतं, त्यांचेच नातू बहुधा तुमच्या उपयोगी पडतील. पानामागं मोबदला आधी ठरवा आणि "घरचेच आहेत" म्हणून तसाच घोळ ठेवू नका.

मला ज्या मौलवीसाहेबांनी वाचून दिलं त्यांची पद्धत चांगली आहे. ते आधी पूर्ण कागद मोठ्यानं वाचतात, मी देवनागरीत उतरवते, मग ते अर्थ सांगतात. अर्थ थेट लिहून घेतला तर कागदात काय होतं आणि सांगणाऱ्यानं काय जोडलं हे नंतर वेगळं करता येत नाही.

राजकारण कुठं सापडतं

इंग्रजी मुलुखातल्या नगरसेवकासारखा पणजोबा शोधाल तर तो सापडणार नाही. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची म्हटलं तरी परवानगी लागायची. गश्ती निशाण त्रेपन्न हे नाव जुन्या माणसांच्या तोंडून ऐकाल, ते याच बंदीचं. त्यामुळं राजकारण वाचनालय, गणेशोत्सव, खाजगी शाळा, साहित्याची बैठक यांच्या आडून चालायचं. पणजोबा वाचनालयाचे चिटणीस होते असं कळलं तर ते किरकोळ समजू नका. औरंगाबादच्या सरस्वती भुवनसारख्या शाळा (ही १९१५ ची), मोमिनाबादची ती शाळा जिथं मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते, यांच्या देणगीदारांच्या याद्या बघा. निजाम राज्यातल्या मराठी माणसांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ ला परतूरला गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली झालं. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये ती नीट उभी राहायच्या आधीच बंदी आली. या दोन सालांच्या आसपास तुमचा माणूस कुठं होता, हा प्रश्न वहीत नेऊन बघा. प्रवासखर्चाची ओळ खोटं बोलत नाही.

सरकारी बाजूसाठी जरीदा, म्हणजे निजामाचं राजपत्र. नेमणुका, बदल्या, हुकूम त्यात छापून यायचे. हे आणि असे कागद हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आणि अफजलगंजच्या जुन्या आसफिया ग्रंथालयात बघायचे. विरोधी बाजूसाठी मराठी पत्रं. हैदराबादहून निघणारं साप्ताहिक "निजाम विजय" सांभाळून लिहायचं. आ. कृ. वाघमाऱ्यांचं "मराठवाडा" १९३८ ला पुण्याहून निघालं, बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघायचं. म्हणून जुन्या अंकांत एकाच नावावर अडून बसू नका.

बलदियाचं इतिवृत्त मिळालं तर सोनं. कंदिलाचं तेल, बारवेचा गाळ, बाजारचा ठेका, पटकीच्या दिवसांत नेमलेले भंगी, असले विषय असतात आणि माणूस त्यातच कळतो. आमच्या अण्णासाहेबांनी बाजाराच्या ठेक्याला पहिल्या वर्षी कडाडून विरोध केला. दुसऱ्या वर्षी विरोध नाही. ठेका कुणाला गेला ते नाव मला परातीवर आधीच भेटलं होतं: त्यांच्या पहिल्या बायकोचा भाऊ. त्याच साली घरच्या वहीत वाचनालयाला शंभर हाली दिल्याचीही ओळ आहे. दोन्ही ओळी मी एका परिच्छेदात ठेवल्या. माझा चुलतभाऊ अजून नाराज आहे.

पदव्यांबाबत एक सूचना. "रावबहादूर" ही इंग्रज सरकारची पदवी. निजामाच्या दरबारी पदव्या वेगळ्या असायच्या. घरात कुणी रावबहादूर म्हणत असेल तर ती लाडाची नाहीतर पाहुण्यांनी दिलेली असू शकते. सनद दिसल्याशिवाय छापू नका. १९३७ ची निजामाची सिल्व्हर ज्युबिली हाही एक सापळा आहे. तेव्हाच्या मानपत्रावर नाव आहे म्हणून माणूस निजामनिष्ठ ठरत नाही. गावातल्या वजनदार माणसाला तिथं गैरहजर राहणं परवडत नव्हतं.

१९४७-४८

इथं सगळ्या स्मरणिका घसरतात. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील होता. म्हणजे तुमचे वकील पणजोबा आणि त्याच्यासारखे लोक एकाच धंद्यातले, एकमेकांच्या घरी जाणारे. ओळखी होत्या, काही उपयोगी पडल्या, काही जीवावर उठल्या. पुष्कळ कुटुंबं सरहद्द ओलांडून बार्शी, सोलापूर, अहमदनगरकडं गेली. तिकडच्या भाडेचिठ्ठ्या, मुलांचे शाळेचे दाखले, पोस्टाची पाकिटं शोधा. "भूमिगत होते" या दोन शब्दांत गेलेलं वर्ष त्या पाकिटांवरच्या शिक्क्यांनी भरून निघतं.

स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या फायली जरूर बघा, पण त्यातली शपथपत्रं पुष्कळ वर्षांनी, आठवणीवर आणि एकमेकांच्या शब्दावर झालेली आहेत. त्यातला दिनांक दुसऱ्या कागदाशी जुळला तर घ्या.

आणि १७ सप्टेंबर १९४८ ला प्रकरण संपवू नका. पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं ते दिल्लीहून आलेल्या सुंदरलाल समितीनं नोंदवलंय, आणि सगळ्यात होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. तुमच्या पणजोबांनी तेव्हा कुणाला वाड्यात घेतलं, की त्या दिवसांत कुणाची जमीन स्वस्तात घेतली? खरेदीखतांची यादी काढून १९४८ ते १९५० ची पानं वेगळी बघा. विकणाऱ्याचं नाव आणि दर शेजारच्या वर्षांशी ताडून पाहा. आमच्याकडं दोन्ही निघालं. मागच्या खोलीत एक मुन्शींचं कुटुंब काही महिने राहिलं हे आत्या सांगायची. आणि त्याच हिवाळ्यातलं एक खरेदीखत आहे, दर निम्म्याहून कमी. ते मुन्शींचं नाही, पण दर दर आहे. मी तो तसाच छापला.

लिहायला बसताना

क्रम सालवार ठेवा, पण प्रकरणं घराच्या घटनांवर पाडा: पहिलं लग्न, दुसरं लग्न, मुलीचं परत येणं, ठेका, बार्शी, वाटणी. राजकारण त्या प्रकरणांच्या पोटात जाऊ द्या. प्रत्येक वाक्यामागं कागद आहे, भांडं आहे की कुणाचं सांगणं, हे मजकुरातच लिहा: "वहीत आहे", "आत्या सांगायची". वंशावळीत मुली आणि सुना घाला, माहेरच्या नावासकट. नुसते मुलगे असलेली वंशावळ वारसा लावायला चालते, चरित्राला नाही.

पुस्तिका निघाली की तीन ठिकाणी प्रत द्या: गावचं वाचनालय, जिल्ह्याचं ग्रंथालय आणि ज्यांनी उर्दू वाचून दिलं त्यांचं घर. मूळ कागद लॅमिनेट करू नका, गोंदानं चिकटवू नका. कडुनिंबाचा वाळला पाला घालून सुती कापडात बांधा, आणि बस्तानावर आत काय आहे त्याची यादी मराठीत लिहून वर बांधा. पुढचा माणूस उर्दू-मोडी वाचणारा नसेल, तो रद्दीवाल्याला बोलवेल.